सगळ्यांच्या गळ्याला झेपणारी पट्टी

मंडळी, सकाळची विरारहून किंवा कर्जतहून सुटलेली लोकल डोळ्यांसमोर आणा. पाय ठेवायला जागा नाही, तरी एका कोपऱ्यात टाळ निघतात, कोणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो आणि अभंग सुरू होतो. तिथे पेटी चालत नाही, गाडीच्या घरघरीत तिचा सूर बुडून जातो. टाळाचा उंच, धातूचा नाद मात्र त्या आवाजाच्या वर तरंगतो. गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांनीही भजनी मंडळे अशीच जपली. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या रात्री बुवा दोन असले तरी गात सगळी चाळ असे.

एकत्र गाण्याच्या या ओढीचे कारण शरीरात आहे. ओळ गाताना श्वास झटकन आत घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती जरा उतरते. दहाजण एकच ओळ गातात तेव्हा दहाजणांचा श्वास एकाच ठिकाणी तुटतो. एकट्याने कानात यंत्र घालून ऐकण्यात हे घडत नाही. ऐकणेही मोलाचे आहे, पण गाणे आपल्या तोंडातून गेले, ही मला मोठी हानी वाटते.

आता सोसायटीत भजनी मंडळ सुरू करताना काय बिघडते ते पाहू. पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे पेटीवरचा जो सूर ‘सा’ धरून गायचे तो. पेटीच्या काळ्या पट्ट्यांना काळी एक, काळी दोन असे म्हणतात; पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. पेटीवाला स्वतःच्या सोयीची पट्टी धरतो आणि चार दिवसांत निम्म्या बायका येईनाशा होतात. गळा खराब म्हणून नव्हे; खालचे स्वर त्यांना लागतच नाहीत. उपाय सोपा आहे. पुरुषांची कडवी काळी एकमध्ये ठेवा आणि बायकांची तिच्या मध्यमात (‘म’ स्वरात), म्हणजे काळी तीनमध्ये. तबला काळी एकला लावलेला असेल तर तो काळी तीनचा पंचम (‘प’) होतो, म्हणून पुन्हा मिळवावा लागत नाही. मात्र ओळ धरण्यापूर्वी पेटीवर नवा षड्ज (‘सा’) ठेक्याच्या दोन फेऱ्या नुसता ऐकू द्या. हे गाळले की पहिली ओळ हमखास जुन्या पट्टीत उठते.

दुसरी गोष्ट लय. भजनी ठेका आठ मात्रांचा. रंग चढला की टाळवाले मात्रेच्या किंचित आधी हात टाकतात आणि लय पळते. मिनिटाला ७०-८० मात्रांवर सुरुवात करावी. ओळीतला शेवटचा शब्द स्पष्ट उच्चारता येईना, की लय हातची गेली असे समजावे. दहा बाय बाराच्या खोलीत टाळांच्या दोन जोड्या पुरेत, जास्त झाल्या तर शब्द ऐकूच येत नाहीत.

मुंबईचा पावसाळा वाद्यांना छळतो. कातडे ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर, वरून हातोडीने ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो. चारी बाजू सारख्या येईपर्यंत फिरत राहायचे, एकाच जागी जोर काढायचा नाही. फरक मोठा असेल तर वाद्यांखालचे लाकडी गट्टे सरकवावे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक गाणे संपताच काढून पुसावी. वाळून राहिली तर पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, बिघडते.

घरात स्मृतिभ्रंश झालेले कोणी असेल तर त्यांना या बैठकीत आवर्जून बसवा. ‘ओळखलंत का?’ असे विचारत बसू नका. त्यांच्या विशी-पंचविशीतली चाल हळू लयीत सुरू करा आणि ओळीचा शेवट मोकळा सोडा. नातवाचे नाव न आठवणारी आजी तो शब्द पुष्कळदा पुरा करते.

आणि भैरवी, म्हणजे समारोपाचे गाणे, रात्री साडेनऊला सुरू करा. भिंतीपलीकडे पहाटेच्या पाळीला जाणारा कोणीतरी झोपलेला असतो.