सात आकडा म्हणजे जुलै नव्हे
(ठाण्यात इंटर्न विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

चर्चचं दप्तर हाती आलं की पहिला मोह होतो तो आवराआवरीचा. बाप्तिस्म्याच्या वह्या इकडे, लग्नाच्या तिकडे, सुटे कागद तारखेने लावून मोकळं व्हायचं. तसं करू नका. कागद ज्या क्रमाने ठेवले गेले, तो क्रमही पुरावाच असतो. आधी कपाटाचे फोटो काढा. मग खणाचा क्रमांक, वहीच्या पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, पानांची संख्या आणि वहीची अवस्था नोंदवा. ही यादी पुरी होईपर्यंत एकाही वहीची जागा बदलू नका.

क्रम का जपायचा, ते एका चिठ्ठीवरून कळेल. बाप्तिस्म्याच्या वहीत दोन पानांमध्ये घडी केलेला कागद सापडतो: अमुक मुलीचं लग्न आमच्याकडे झालं, असं दुसऱ्या धर्मग्रामाने, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतल्या समाजाने, कळवलेलं. 1908 च्या ईस्टरपासून ‘ने तेमेरे’ हा कॅथलिक चर्चचा लग्नांविषयीचा आदेश लागू झाला आणि लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करणं बंधनकारक झालं. म्हणून त्या मुलीच्या नावाशेजारी समासात बारीक अक्षरात ती नोंद दिसते. कधी ती करायची राहून गेलेली असते, आणि मग त्या वहीपुरता लग्नाचा दुवा म्हणजे ती चिठ्ठीच. ती ‘पत्रव्यवहार’ फोल्डरमध्ये गेली की दुवा तुटला! वेगळी ठेवावीच लागली, तर तिच्या जागी आम्लरहित कागदाची पट्टी घाला आणि चिठ्ठीच्या पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा: ‘वही 3, पान 42 व 43 यांच्यामध्ये’.

आता वाचन. ठाणे 1737 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, पण चर्चच्या वह्यांतली पोर्तुगीज आणि लॅटिन त्यानंतरही टिकली. तिथे 7 आकडा आणि त्यापुढे वर चढवलेलं ‘ब्रे’ किंवा ‘ब्रिस’ दिसलं की नवशिका हमखास जुलै लिहितो. तो सप्टेंबर आहे, कारण ‘सेप्तेम’ म्हणजे सात. त्याच हिशेबाने 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. शंका आली की वरची आणि खालची नोंद बघा. ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या मध्ये जुलै कुठून येणार? नावांचंही तसंच. लॅटिनमधला योआन्नेस पुढे इंग्रजी नोंदीत जॉन होतो. मूळ रूप एका रकान्यात, शोधासाठीचं एकसारखं रूप दुसऱ्यात. मूळ रूप ‘सुधारू’ नका.

खाडीकाठच्या दमट हवेत कसर आणि बुरशी ठरलेलीच. बुरशी लागलेली वही मात्र यादीची वाट न बघता, तिची जागा नोंदवून लगेच वेगळी काढा, मास्क लावा, आणि ती पुरती कोरडी झाल्यावरच मऊ ब्रशने झाडा; ओली बुरशी घासली की कागदात मुरते. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवा, मग ती सैल करा. लोहयुक्त जुनी शाई कागद खाते, त्यामुळे अक्षरांच्या जागी भोकं पडतात. अशी पानं वाकवू नका, पाण्याजवळ नेऊ नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य, कारण चिकटलेलं पुन्हा निघत नाही. हातमोज्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि पानाची कड फाटते. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरेत.

अलीकडच्या वह्यांत दत्तक मुलं असतात, वडिलांचं नाव रिकामं सोडलेल्या नोंदी असतात. ती माणसं आज हयात असतील. त्यामुळे सार्वजनिक सूचीत वहीचा प्रकार, पहिलं आणि शेवटचं वर्ष, पानं आणि भाषा एवढंच द्या. नावांची यादी धर्मगुरूंकडे, कुलुपात.