आधी फिल्टर उघडा

(दृश्य: भोसरीतलं गॅरेज. शटर वर जातं. आत चंदेरी गाडी.)

ही 2003 ची पोर्शे बॉक्स्टर. दोन माणसांची, टप खाली होणारी. पुढचं झाकण उघडलं की सामानाची जागा. मागचं उघडलं की तिथेही सामानाचीच जागा, आणि कडेला ऑइल आणि कूलंट भरायची बुचं. मग इंजिन कुठे आहे? सीटच्या मागे, कार्पेटखाली दडलेलं. ते बघायचं तर टप अर्धवट उभा धरायचा, त्याच्या ताणाच्या दोऱ्या सोडायच्या, कार्पेट उचलायचं आणि त्याखालचं धातूचं झाकण काढायचं. मालक वर्षानुवर्षं गाडी चालवतो, पण इंजिन त्याच्या नजरेला पडत नाही.

या गाडीच्या मालकीणबाई परदेशातून परतताना ती सोबत घेऊन आल्या. आता इंजिनातलं एक बेअरिंग बदलायचं मोठं काम करायचं आहे आणि ते कोणाच्या हातात द्यायचं, हे ठरवायला त्या इथे आल्या आहेत. गाडी आज फक्त दाखवायची आहे. किल्ली अजून त्यांच्याच पर्समध्ये आहे.

(दृश्य: गॅरेजची भिंत, फ्रेममधली प्रमाणपत्रं. बाहेर उभ्या महागड्या गाड्या.)

भिंतीवरची प्रमाणपत्रं जरूर वाचावीत. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स हा चांगला पाया आहे, कंपनीचं प्रशिक्षण असेल तर उत्तमच. पण बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरून कोणी भुलू नये. त्यांच्या काचेवरची धूळ बघा. टायरमधली हवा बघा. पार्ट येत नाही म्हणून महिनोन्महिने अडकून पडलेली गाडीसुद्धा लांबून बघणाऱ्याला जाहिरातच वाटते.

(दृश्य: गाडी लिफ्टवर. पॅडची जागा जवळून.)

गाडी लिफ्टवर घेताना थांबून बघावं. फिटर काका चारही पॅड हाताने चाचपून जागेवर लावतात. गाडी जमिनीपासून वीतभर उचलली की थांबवतात, खाली वाकून चारही जागा पुन्हा बघतात, मगच वर घेतात. या गाडीला उचलायच्या जागा ठरलेल्या आहेत, जॅक भलतीकडे लागला तर पत्रा आत जातो. बाईंनी यातलं काही विचारलं नव्हतं. ज्याला जागा माहीत असतात, त्याचा हात आपोआप तिथे जातो.

(दृश्य: ऑइल फिल्टरची प्लास्टिकची वाटी फिरते. काळं ऑइल ट्रेमध्ये.)

आता खरी परीक्षा.

या इंजिनात क्रँकशाफ्टखाली, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याखाली, एक मधला शाफ्ट असतो. क्रँककडून साखळीने फिरतो आणि पुढे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक सीलबंद बेअरिंग आहे. ग्रीस आतच भरलेलं. वर्षं गेली की सील दमतो, इंजिनचं ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि बेअरिंग झिजायला लागतं. बेअरिंग तुटलंच, तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत या बेअरिंगवरून मालकांनी पोर्शेवर सामूहिक दावा लावला, 2013 मध्ये त्यात तडजोड झाली. 2001 ते 2005 या काळातल्या गाड्या त्यात होत्या. ही त्याच काळातली.

बाईंनी आधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं. तिथे उत्तर मिळालं, “नवं बेअरिंग बसवून देतो मॅडम, दोन दिवसांत गाडी घेऊन जा.” या काकांनी मात्र तारीख दिली नाही. ते म्हणाले, “मॅडम, आधी फिल्टर उघडू. त्यात काय निघतं त्यावर बेअरिंगचं बोलू.”

(दृश्य: कापडावर फिल्टरचा कागद. बोटं घडी उलगडताना, अगदी जवळून.)

साडीच्या निऱ्या सोडाव्यात तसा ते फिल्टरचा कागद घडीघडीने उलगडतात. प्रत्येक घडीवर टॉर्च. ऑइल निथळलं की कागदावर लोहचुंबक फिरवतात. चुंबकाला चिकटलं तर ते लोखंड, बेअरिंगकडून आलेलं असू शकतं. न चिकटणारी चकाकी अॅल्युमिनियमची असू शकते. ऑइल खूप दिवस न बदललेल्या गाडीत काळा, मऊ गाळ सापडतो, तो वेगळा. हे सगळं ते बोलून दाखवतात, आणि बाईंना टॉर्च हातात देऊन म्हणतात, “तुम्हीच बघा.”

कागद स्वच्छ निघाला. लोखंडाचा कण असता तर नवं बेअरिंग टाकायला त्यांनी नकार दिला असता, कारण चुरा एव्हाना ऑइलबरोबर सगळीकडे पोचलेला असतो. कामाला नाही म्हणायची तयारी ज्याच्याकडे आहे, त्याच्या हो म्हणण्याला किंमत आहे.

(दृश्य: लॅपटॉप, तार, आकड्यांचा पडदा.)

स्कॅनर आता गल्लोगल्ली आहे. त्यावर फक्त फॉल्ट कोड खोडून देणं हे काम नव्हे. काकांनी दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टचा टायमिंगमधला फरक वाचला आणि कागदावर लिहून ठेवला, म्हणजे काम झाल्यावर पडताळता येईल. इंजिन एकूण किती तास चाललं, ही नोंदही कंट्रोल युनिटमध्ये असते. मीटरवरच्या किलोमीटरशी ती जुळते का, तेही पाहिलं.

(दृश्य: हत्यारांचा ट्रे. कॅमशाफ्ट लॉक करायची हत्यारं, क्रँकची पिन, टॉर्क रेंच.)

हे काम गिअरबॉक्स आणि क्लच उतरवूनच होतं. क्रँक ठरलेल्या जागी आणून पिनने अडवायचा. ही पिन पुलीत जाते आणि पुली असते सीटच्या पाठीमागच्या पत्र्याआड, म्हणून आधी सीट पुढे घेऊन ते झाकण उघडावं लागतं. मग कॅमशाफ्ट लॉक, साखळ्या ताणून धरणारे टेन्शनर सैल, आणि त्यानंतरच बेअरिंगच्या तोंडावरचं झाकण निघतं. ही पायरी चुकली तर शाफ्ट कलतो, साखळी दात सोडते. म्हणून विचारायचा प्रश्न सरळ आहे: “कॅम लॉक करायचं टूल तुमचं स्वतःचं आहे का? दाखवता?” इथे ते ट्रेमध्ये आहे, वापरून घासलेलं.

टॉर्क रेंच म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना. त्यावरचं हे स्टिकर बघा. कॅलिब्रेशनची, म्हणजे पाना अचूक आहे का ते तपासल्याची तारीख. चाकाचा बोल्ट 130 न्यूटन-मीटर, स्पार्क प्लग 30. अंदाजाने आवळलेल्या बोल्टमुळे अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि ते कळतं पुढच्या वेळी, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये. हातच टॉर्क ओळखतो म्हणणारे उस्ताद आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही या इंजिनाला हात लावू देऊ नये.

(दृश्य: टपाच्या कोपऱ्यात मगाने पाणी. गाडीखाली टपकणारे थेंब.)

हे तर कोणी सांगितलंही नव्हतं. टप जिथे घडी होऊन बसतो, तिथल्या कोपऱ्यांत पाणी जायच्या वाटा असतात. पाचोळ्याने त्या तुंबल्या की पावसाचं पाणी थेट सीटखाली, आणि तिथेच किल्ली ओळखणारं कंट्रोल युनिट बसवलेलं आहे. पुण्याच्या पावसात ते भिजायला वेळ लागत नाही. काकांनी हवेची गन मारली नाही, जोराच्या हवेने आतली नळी जोडातून सुटू शकते. हाताने पाचोळा काढला, मगाने पाणी ओतलं, खाली थेंब मोजले.



(दृश्य: जॉब कार्डवर पेन.)

बाईंनी याच गॅरेजच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन केला. काम कसं झालं हे विचारलंच, शिवाय काही बिघडल्यावर काका कसे वागले, हे जास्त खोदून विचारलं. आज काम दिलं ते एवढंच: ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल. ते नीट झालं की महिनाभराने बेअरिंग.

बेअरिंगच्या जॉब कार्डावर काकांनी आत्ताच लिहून दिलं आहे: पार्टचे नंबर, झाकणाचे बोल्ट नवीन, मागचा सील नवीन, उतरवलेलं जुनं बेअरिंग डब्यात घालून परत. काम झाल्यावर पहिल्या ऑइल बदलाला फिल्टर पुन्हा मालकासमोर उघडायचा, हेही त्यातच. बाईंनी वाचलं, मजुरीच्या आकड्यापुढे जीएसटीसह की वेगळा ते विचारून घेतलं, आणि सही केली.