पेन्सिलीच्या आधी

पेन्सिल हाती येण्याआधी लहान मुलांच्या हातांचे बळ वाढवणारे हे काही खेळ. मातीचा हा गोळा अजून घट्ट आहे, त्यामुळे नुसत्या बोटांनी तो दबत नाही. मुलगी गुडघ्यांवर उठते, दोन्ही कोपरे ताठ करते आणि खांद्यांपासूनचा सगळा भार तळहातांवर टाकून माती रेटते. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात आणि मनगटातून जाणाऱ्या लांब कंडरांनी, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांनी, बोटे ओढतात. या सगळ्या हालचालीला स्थिर आधार मिळतो तो खांद्याचा. म्हणून हाताचे बळ वाढवणारा खेळ निवडताना आधी खांद्याचा विचार करायला हवा.

मैदानातल्या या जोड्यांमध्ये एकाने मागून पाय उचलून धरले आहेत आणि दुसरा हातांवर चालत पुढे निघाला आहे. एक हात उचलला की क्षणभर सगळा भार दुसऱ्यावर येतो, बोटे आपोआप फाकतात आणि मागे वाकलेले मनगट वजन पेलायला शिकते. लहान मुलाला घोट्यांशी न धरता मांड्यांशी धरावे, आणि कंबर खाली झुकू लागली की खेळ थांबवावा. खेकड्यासारखे चालणे, दांड्याला लोंबकळणे, रस्सीखेच हे याच जातीचे खेळ.

इथे कागद मुद्दाम भिंतीवर चिकटवला आहे. उभ्या कागदावर रंगवताना हात अधांतरी राहतो, खांदा सतत राबतो, आणि मनगट किंचित मागे वाकल्यामुळे बोटांची पकड पक्की होते. खडूही मोडून दिले आहेत, कारण अख्खा खडू मुठीत धरता येतो, पेराएवढा तुकडा मात्र चिमटीतच धरावा लागतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा पाहा, प्रत्येक रेघेसरशी तो घट्ट होतो. कपड्यांचे चिमटे दाबून दोरीवर लावताना किंवा भिजलेला स्पंज पिळून दुसरे भांडे भरताना हेच स्नायू कामाला लागतात.

मनगटातली 8 लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखी लवचीक, असतात आणि पुढे कित्येक वर्षे एकामागून एक टणक होत जातात. असा हात अजून घडत असताना, तिसऱ्या वर्षीच त्यात पेन्सिल देऊन रेषेत अक्षरे गिरवून घेण्याची घाई आम्हाला अनाठायी वाटते. बटण लावणे, कात्री चालवणे, न थकता लिहिणे हे या खेळांनंतर सोपे जाते. एखादे मूल एकच हात सतत टाळत असेल किंवा दुखण्याची तक्रार करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.