फोटॉनवर नाव लिहिलेलं नसतं: क्वांटम सही आणि तोतयाचा प्रश्न

नमस्कार मंडळी! क्वांटम क्रिप्टोग्राफीबद्दल एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: ‘मध्ये कुणी डोकावलं, की लगेच कळतं.’ खरं आहे. बेनेट आणि ब्रासार यांनी 1984 मध्ये मांडलेल्या बीबी84 पद्धतीत एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पाठवून गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करायचे आकडे) तयार होते. चोराने फोटॉन मोजला की त्याची अवस्था बिघडते, चुका वाढतात आणि बिंग फुटतं.

पण समजा, चोर डोकावलाच नाही. तोतया होऊन मध्येच बसला. अमृताला वाटतंय समोर बाबूराव आहेत, बाबूरावांना वाटतंय समोर अमृता आहे, आणि दोघांशी वेगवेगळी किल्ली जुळवतोय तोच. जास्तीच्या चुका? एकही नाही! फोटॉनवर पाठवणाऱ्याचं नाव थोडंच लिहिलेलं असतं?

म्हणून फोटॉन पोचल्यानंतरची साधी बोलणी, कुठला फोटॉन कसा मोजला वगैरे, शिक्का मारूनच, म्हणजे ‘हे मीच बोलतोय’ याची खूण जोडूनच, करावी लागतात. त्यासाठी वेगमन आणि कार्टर यांची 1981 ची पद्धत आहे. तोतयाकडे कितीही मोठा संगणक असला तरी तिथे त्याची डाळ शिजत नाही. अट एकच, दोघांकडे आधीपासून एक छोटं सामायिक गुपित हवं. म्हणजे क्वांटम किल्ली हा भांडवल वाढवायचा धंदा. भांडवल शून्य, तर वाढवणार काय?

आता सही. सामायिक गुपिताने बाबूरावांची खात्री पटते, पण ते गुपित त्यांच्याकडेही आहे. मग शिक्का त्यांनीच मारला नाही कशावरून? तिसऱ्या कुणाला, समजा चित्राला, तेही पटायला हवं आणि उद्या अमृताने कानांवर हात ठेवता कामा नयेत, तर सहीच लागते.

2001 मध्ये गॉट्समन आणि चुआंग यांनी क्वांटम सही मांडली. सही तपासायची किल्ली म्हणून आकड्यांऐवजी क्वांटम अवस्था वाटायच्या. पण सही येईपर्यंत त्या जपायच्या कुठे? क्वांटम मेमरी काही कपाटात पडलेली नसते! 2014 मध्ये डुंजको, वॉल्डन आणि अँडरसन यांनी वाट काढली: अवस्था आल्या आल्या मोजून टाका आणि निकाल साधे लिहून ठेवा.

पुढे आलेल्या एका प्रकारातली युक्ती मला फार आवडते. बाबूराव आणि चित्रा आपापले निम्मे निकाल गुपचूप अदलाबदल करतात. कुणाकडे काय गेलं, अमृताला पत्ता नाही. सही करताना ती सांगते, ‘मी या या अवस्था पाठवल्या होत्या.’ थोड्या विसंगती निघणारच. बाबूराव अगदी मोजक्या चालवून घेतात. तीच सही पुढे चित्राकडे गेली, तर ती जरा जास्त चालवून घेते.

चित्रा सैल का? मर्यादा एकच असती तर अमृताने मुद्दाम काठावरची सही केली असती: बाबूरावांकडे पास, चित्राकडे नापास. आणि बाबूरावांनीच खोटी सही केली तर? चित्राकडचे निम्मे निकाल त्यांनी पाहिलेलेच नाहीत. तिथे इतक्या चुका होतात की सैल मर्यादाही पार होते.

मात्र तपासणारे कोण, हे आधीच ठरवावं लागतं. जगात कुणीही यावं आणि सही पडताळावी, ही सोय इथे नाही.

ओळख पटवण्याचा सगळ्यात देखणा प्रयोग नेदरलँड्समधला, 2014 चा. इथे किल्ली म्हणजे आकडे नव्हेत, पांढऱ्या रंगाचा खराखुरा थर. त्यावर मोजक्याच फोटॉनचा, पण भरपूर गुंतागुंतीचा प्रकाश टाकतात: हा प्रश्न, आणि थरावरून परतणारा प्रकाश हे उत्तर. इतक्या थोड्या फोटॉनमधून प्रश्नाचा पूर्ण आकार मोजताच येत नाही, त्यामुळे तोतयाला थराची सगळी माहिती असली तरी उत्तर वेळेत घडवता येत नाही. किल्ली गुप्त ठेवायची गरजच नाही!

रोजच्या कामाला मात्र मी ऑगस्ट 2024 मध्ये निस्टने (अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) प्रमाणित केलेल्या सह्याच निवडेन. एमएल-डीएसए, एसएलएच-डीएसए, चालतात साध्या संगणकावर. त्या क्वांटम नाहीत, गणिताच्या भरवशावर उभ्या आहेत. पण बीबी84 मधल्या बोलण्यांना त्यांचाच शिक्का मारला, तर तो फक्त किल्ली जुळेपर्यंत टिकायला हवा. दहा वर्षांनी ते गणित फुटलं, तरी आज जुळलेली किल्ली त्यातून बाहेर येत नाही.