शेवटच्या रांगेसाठी

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात नाटक करणाऱ्या बाईला शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात, "मग, सिरियलमध्ये कधी दिसून राहिली?" हौशी रंगभूमीवर माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे आता नुसती हसते.

आमची शाळा म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा. १९५४ पासून चालत आलेली. ऑफिस सुटलं की तालीम, असे दोन-अडीच महिने, आणि लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात प्रयोग मात्र एकच. पहिला धडा तिथेच मिळतो: शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. आमच्यातल्या काहीजणी दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात जातात. वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत रात्र-रात्र नाटक, पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक. त्या नाटकाला नाकं मुरडणाऱ्यांनी पहाटे तीनला, थंडीत, अख्खं गाव जागं ठेवून दाखवावं!

मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले ती एका विद्यार्थ्याच्या लघुपटात. धंतोलीतलं जुनं स्वयंपाकघर, मला फक्त "चहा टाकू?" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं. पोरगा कानावरचा हेडफोन काढत म्हणाला, "काकू, माणूस समोरच बसलाय." सतरा टेक झाले. चहा खरोखर तीनदा उतू गेला.

म्हणून गीतांजली कुलकर्णींचं काम मी पुन्हापुन्हा पाहते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली ही नटी २०१२ साली लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये 'पिया बहरूपिया' या नाटकात नाचत-गात उभी होती. तीच चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' या सिनेमात सरकारी वकील होते आणि कायद्याची कलमं अशी वाचते, जणू रेशनची यादी. आवाजात चढ नाही, उतार नाही. कोर्ट सुटलं की लोकल, पाळणाघरातून मुलाला घेणं, घरी स्वयंपाक. कॅमेरा लांब, हलत नाही, क्लोजअपची मदत नाही. अशा वेळी नाटकवाल्या माणसाला काहीतरी 'करून दाखवण्याची' जी खाज सुटते, ती तिने कुठे दडपली, हे मला अजून सापडलेलं नाही. आणि तिच्यासमोर आरोपी कोण? आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, पेशाने नट नव्हेच. त्यांच्याशेजारी तयारीची नटी नटी वाटली असती, तर सिनेमा तिथेच पडला असता.

'कोर्ट'ला २०१४चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पण एवढ्या मोठ्या कौतुकानंतरही गीतांजलीबाईंना घरोघरी ओळख मिळाली ती २०१९च्या 'गुल्लक' या वेब मालिकेतली आई म्हणून. स्वतंत्र सिनेमाचं हे असंच असतं बाप्पा. मानधन थोडं, दोन सिनेमांमध्ये अंतर मोठं, आणि थिएटरातून आठवड्यात उतरला तर तक्रार करायची कुणाकडे? मधला काळ निभावतं ते नाटक. तिथे निदान तालमीला रोज संध्याकाळी कुणीतरी वाट पाहत असतं.

त्या लघुपटानंतर आणखी दोन केले. आता चहा दुसऱ्या टेकला होतो. मागच्या स्पर्धेत मात्र पहिल्याच प्रवेशात, माझ्या अगदी मनासारख्या जमलेल्या वाक्यावर, अंधारातून शेवटच्या रांगेतले एक काका ओरडले, "आवाऽऽज!"

नमस्कार.