कासची फुलं, जमिनीलगत

[पठार लांबून, धुकं वर सरकतंय]
सप्टेंबरातलं कास. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर, उंची सुमारे १,२०० मीटर. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांतली ही एक. आणि रस्त्यावरून दिसणारा हा जांभळा पट्टा म्हणजे सगळी सीतेची आसवं नावाची फुलं.

[कॅमेरा कातळालगत]
आता खाली या. अजून खाली. जांभ्या कातळावर बोट-दोन बोटं माती, तिच्यातून झिरपणारं पाणी, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढं सीतेच्या आसवांचं हे फूल. याला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत याचे बारीक फुगे असतात. एखादा सूक्ष्म जीव नुसता शिवला, की फुगा त्याला पाण्यासकट आत ओढतो. या मातीत नत्र फार कमी, म्हणून जीव पचवून ते मिळवायची ही सोय.

[छायाचित्रकार पायवाटेच्या कडेला पालथा]
पायवाटेला लागून उघडा कातळ आहे, तिथेच पालथं पडायचं. ट्रायपॉडऐवजी तांदळाची पिशवी, तिच्यावर कॅमेरा. मॅक्रो लेन्स १०० मिलिमीटरची असली, तर वाटेवरूनच फूल फ्रेमभर येतं. आत शिरायचं कारणच उरत नाही. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान करून ११ वर नेलं तरी जेमतेम काही मिलिमीटर फोकसमध्ये राहतात. पाकळी धरली की देठ धूसर. म्हणून कॅमेरा फुलाला अगदी समोरासमोर हवा. वारा तर सतत असतोच. दोन झुळुकांमध्ये डोलणं क्षणभर थांबतं, तेवढ्यात शटर दाबायचं. ऊन पडलंच, तर पांढरी छत्री आडवी धरायची.

[दवबिंदूचं पान, चिलट अडकलेलं]
हा दवबिंदू, किडे खाणारी आणखी एक वनस्पती. लाल केसांच्या टोकांवरचे हे थेंब चिकट आहेत, ऊन चढलं तरी वाळत नाहीत. चिलट अडकलं. आता बाजूचे केस बघा, हळूहळू त्याच्याकडे वळताहेत.

[चिखलात बुटाचा ठसा]
सीतेची आसवं एका पावसाळ्याची. बी धरण्याआधी तुडवली गेली, तर पुढच्या वर्षी इथे काही नाही.

[पुन्हा फूल, पुढे गवताचं पातं]
पातं फ्रेममध्ये आडवं येतंय. उपटू नका. कॅमेरा दोन बोटं डावीकडे घ्या. पाण्याचा फवाराही नको, पाऊस आहेच. ऑक्टोबर सरेपर्यंत कातळ सुकतो, म्हणून यायचं तर आत्ताच, आणि सकाळी लवकर.