नकाशात उंची हवी

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा लागला की कोल्हापुरात सकाळी उठल्याउठल्या एकच विचारणा असते: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण पाणी ४६ फुटांवर गेलं तर आपल्या गल्लीत येईल का, हे अजून शेजारच्या जाणत्या माणसालाच विचारावं लागतं. नगररचनेत ड्रोन, उपग्रह, संगणकाचे नकाशे येत आहेत, आनंदच आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोल्हापुरात या साधनांनी आधी जमिनीची उंची मोजावी.

शाहूपुरीची कुंभार गल्ली घ्या. पंचगंगेचा घाट तिथून चांगलाच लांब. तरीही मोठ्या पुरात तिथं पाणी भरतं, कारण नदी फुगली की जयंती नाल्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि नदीच नाल्यातून उलटी शहरात शिरते. साध्या नकाशावर गल्लीचं नदीपासूनचं अंतर दिसतं, तिचा खोलगटपणा दिसत नाही. गणपतीच्या तोंडावर कारखान्यात मूर्ती रचून ठेवलेल्या असतात. त्या हलवायला किती तास हातात आहेत, हे कुंभारांना बंधाऱ्याच्या आकड्यावरून कळलं पाहिजे.

इंटरनेटवर उंचीची माहिती फुकट मिळते. पण तिच्यात ३० मीटरच्या अख्ख्या चौकोनाला एकच उंची दिलेली असते आणि तीही काही मीटरनं चुकू शकते. पुराचं पाणी उंबऱ्याशी थांबणार की चुलीपर्यंत जाणार, हे एका फुटावर ठरतं. त्यासाठी लायडार लागतं. विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरचे किरण खाली सोडतात आणि ते परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढतात. नीट केलेल्या मोजणीत चूक काही सेंटिमीटरचीच राहते. मात्र आपल्याकडं नदीकाठी ऊस. उभ्या दाट उसातून लेसर जमिनीपर्यंत पोचणं अवघड, म्हणून मोजणी तोडणी आटोपल्यावर, उन्हाळ्यातच करायला हवी. ठेका देताना ही अट लिहूनच घ्यावी.

पुराच्या दिवसांत ढगांमुळं साधी उपग्रहचित्रं निकामी ठरतात. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं आणि त्याची चित्रं सगळ्यांना मोफत आहेत. शिरोळकडच्या शिवारात पाणी कुठवर पसरलं, हे त्यात छान उमटतं. दाट वस्तीत मात्र रडारचे तरंग भिंतींवर आपटून परततात आणि चित्र फसवं होतं. तिथं उपयोगी पडतात आपल्या भिंती.

२०१९ आणि २०२१ ला बंधाऱ्याचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर कितीतरी घरांत जिन्याशेजारी रंगाची रेघ मारून वर साल लिहून ठेवलंय. नवा रंग दिला की ती रेघ गेलीच. मोजणीदारानं अचूक जीपीएस घेऊन अशी एकेक रेघ समुद्रसपाटीच्या हिशेबात नोंदवली, तर संगणकानं उंचीवरून काढलेला पुराचा अंदाज खरा की खोटा, हे ताडून पाहता येईल. माझ्या मते हे काम ड्रोनइतकंच मोलाचं आहे, आणि खर्च फार थोडा.

आता भराव. नकाशावर निळी पूररेषा असते ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा कागदावर जागच्या जागी राहते आणि खाली डंपरनं मुरूम पडतो. जिथं भराव पडला तिथलं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. दोन उन्हाळ्यांची मोजणी संगणकात एकावर एक ठेवली, की कुठं किती फूट भर पडली ते उघड होतं. ही मोजणी दर वर्षी व्हावी आणि कार्यालयातल्या संगणकात न अडकता कुणालाही मोबाईलवर पाहता यावी. घर घ्यायला निघालेल्या माणसाला हप्ते सुरू होण्याआधी हे कळण्याचा हक्क आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. घरात, दुकानात, तालमीत पुराची खूण असेल तर शेजारी मोजपट्टी धरून, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. रस्त्यापासून खूण किती फुटांवर आहे ते आणि पुराचं साल लिहून ठेवा. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा तो फोटो अर्जाला जोडा. नमस्कार.